पुसलेले पाच मेसेज

मिथुनभाऊ सहारे ऑफिसात आले की पहिली पाच मिनिटं कोणाशी बोलत नसत. वडशाहून सकाळची एसटी, आरमोरीला जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर गडचिरोलीपर्यंत दांडी धरून उभं. आले की रुमाल ओला करून मानेवर ठेवायचे, खुर्चीत मागे रेलायचे आणि डोळे मिटायचे. मी म्हणायची, "भाऊ, घरूनच थकून येता का?" ते डोळे न उघडता सांगायचे, "हाव. तिथीच उरकून येतो, इथी टाइम नाई भेटत."

मी माधवी. त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसले. तोंडानं फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मिथुनभाऊ तिथे तेरा वर्षं होते. पद तांत्रिक सहायक, आणि पुढे कंसात कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशीही ते यायचे. "बस पासाचे पैसे भरले आहे ना," म्हणायचे. अशा माणसाला काय बोलायचं, सांगा!

मला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीवरून. आमचं काम होतं दुसऱ्याचं काम तपासायचं. आरोग्याच्या कामासाठी गडचिरोलीत आमची एक टीम, चंद्रपूरला दुसरी. एकीनं बनवलेलं सॉफ्टवेअर दुसरीनं तपासायचं असा नियम. अकरा मुद्द्यांचा फॉर्म, प्रत्येक मुद्द्याला शेरा. मिथुनभाऊ चूक अशी धरायचे की विचारू नका; बारीक अक्षरातल्या अटी वाचणारा तो एकटाच माणूस मी पाहिला. पण फॉर्मवर लिहायचे काय? समाधानकारक. समाधानकारक. समाधानकारक. मग व्हरांड्यात जायचे आणि समोरच्या टीमला फोन लावून एकेक चूक गोडीत सांगायचे.

मी भांडले त्यांच्याशी यावरून. "कौतुक कागदावर आणि चुका फोनवर, ही कुठली तपासणी?"

"चार लोकाईत कोनाले काऊन उघडं पाडायचं, माधवीबाई? चूक सुधारल्याशी मतलब."

ही सवय त्यांना कुठून लागली ते मला नंतर कळलं. कॉलेजात असताना तीन हिवाळे त्यांनी वडशाच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्टरचं काम केलं होतं. प्रॉम्टर विंगेत वही घेऊन बसतो. नट वाक्य विसरला की असं सांगायचं की नटाला ऐकू गेलं पाहिजे, पण पुढच्या सतरंजीवरच्या माणसाला नाही. मिथुनभाऊंचा आवाज त्या कामाला एकदम बरोबर. त्यांच्यामुळे कोणाची फजिती झाली असं एकही गाव नव्हतं, हे ते अभिमानानं सांगायचे. तेवढं एक अभिमानानं सांगायचे, बाकी काही नाही.

आता ज्या सॉफ्टवेअरपायी हे सगळं घडलं ते सांगते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट भरपूर. त्यातल्या काहींना महिन्याच्या महिन्याला रक्त चढवावं लागतं. त्यासाठी चंद्रपूरच्या टीमनं ॲप बनवलं. गावातल्या आशाताईनं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पेशंटचं नाव फोनमध्ये टाकायचं, हिरवी खूण आली की नोंद झाली. गुरुवारी पेशंटला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, तिथे त्याच्या नावाची रक्ताची बॅग तयार. टीमचा प्रमुख प्रणित, अठ्ठावीस वर्षांचा, हुशार पोरगा. ॲप सुरू होण्याआधीची तपासणी मिथुनभाऊंनीच केली होती. फॉर्मवर काय लिहिलं ते सांगायला नको.

सहा महिन्यांनी दुसरी तपासणी आली. या खेपेला फॉर्मवर सातवा मुद्दा नवा होता: ऑनलाइन संवाद. म्हणजे त्या टीमचा आशाताईंसोबत जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावर तक्रारी येतात का, उत्तरं मिळतात का, ते पाहायचं; त्यासाठी आम्हा दोघांनाही त्या ग्रुपवर घेतलं होतं. आमच्या साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यात ते लोक आपलं हिवतापाचं सॉफ्टवेअर तपासणार आहेत. तेव्हा जरा समजून घ्या." आम्ही समजलो.

सहा महिन्यांच्या मेसेजचे एकशे बारा कागद निघाले. सुप्रभात, गुलाबाची फुलं, जयभीम, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधेच कुठे "सर ॲप उघडत नाही", आणि त्याखाली टीमचं ठरलेलं उत्तर, "नोंद घेतली आहे". मी चार पानं चाळली आणि म्हटलं, "भाऊ, समाधानकारक लिहा आणि आज लवकरची बस धरा." ते पेन्सिल घेऊन बसलेच. मी चहा पिऊन आले, जेवून आले, तरी बसलेलेच.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाच कागद माझ्यासमोर ठेवले. प्रत्येकावर एकेका ओळीला गोल केलेला. पाचही ठिकाणी एकच मजकूर: हा मेसेज डिलीट केला गेला.

"अगं बाई!" मी म्हटलं, "लिहिलेले मेसेज वाचून झाले, आता पुसलेलेही वाचता का?"

"पाची एकाच नंबरचे आहे. पाची गुरुवारचे. महिन्याचा पहिला गुरुवार."

नंबर कमळाबाई उंदिरवाडे यांचा होता. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या एका गावच्या आशाताई. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या बाईची तिथे पुरेशी बदनामी झाली आहे.

भाऊंनी फोन लावला. "चुकून हात लागला जी," म्हणाल्या आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. "तुमी कोन? माही चौकशी करून राह्यले का?" आणि पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला मीच फोन हिसकला. "हे पाहा बाई, चौकशी त्या ॲपची आहे, तुमची नाही. पाच वेळा काय लिहिलं आणि पाच वेळा काऊन पुसलं, तेवढं सांगा. मी पण तुमच्यासारखीच कंत्राटी आहे, तुमचं काही वाकडं करायची माझी ताकद नाही."

 मग बाई बोलायला लागल्या ते थांबेचनात.

त्यांच्या गावात दोन पेशंट. एक शेजारचा बुधू मडावी, बावीस वर्षांचा. दुसरी दिव्या, त्यांची स्वतःची मुलगी, सतरा वर्षांची. दर महिन्याला बाई दोघांची नावं टाकत, दोन्हीवर हिरवी खूण येई, दोघांना घेऊन दवाखान्यात जात. दिव्याची बॅग असायची, बुधूची नसायची. दोनदा तिथल्या सिस्टरनं इकडून तिकडून जमवून दिलं. नंतर तेही होईना. बुधूची आई शकुबाई गावभर सांगू लागली की आशाबाई आपल्या पोरीचं नाव पाठवते आणि दुसऱ्याचं खाऊन टाकते. गावानं अर्ज केला, हिला आशाच्या कामावरून काढा. ग्रामसभा येत्या बुधवारी होती.

"मंग ग्रुपवर काऊन नाई लिहिलं?" मी विचारलं.

"लिवलं ना जी. पाच खेपा लिवलं. मंग वाटे, मशिनीत तर माह्याच पोरीचं नाव दिसते. लोक म्हनतीन, घेतलं आपल्या घरी अन् आता ढकलते मशिनीवर. अन् त्या पोराईनं मेहनतीनं बनवलं, चारशे लोकाईत त्याईचं नाव कसं खराब करू? म्हनून पुसून टाको."

फोन ठेवून आम्ही सर्व्हरवरची नोंद काढली. पाच महिने, पाच नोंदी, पाचही दिव्याच्या. बुधूचं नाव कुठेच नाही. मी खरं सांगते, माझ्या तोंडून पटकन निघालं, "भाऊ, बाई खोटं बोलते. पोरीसाठी बोलते, पण खोटं बोलते."

मिथुनभाऊंनी रुमाल मानेवरून काढला, घडी केली. "असन. पन खोटं बोलनारा मानूस लिहून पुसते कसाले? तो लिहीतच नाई." आणि मग एकदम थकलेल्या आवाजात, "शनवारी जाऊन येऊ. सुट्टी आहे."

शनिवारी पहिल्या बसनं निघालो. आलापल्लीला उतरून जीप, जीपमध्ये बारा माणसं आणि एक बकरी. दोन्हीकडे साग, पानं इतकी मोठी की खालची जमीन दिसत नव्हती. भाऊ सगळा वेळ डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

कमळाबाई बारीक, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. दिव्यानं पाणी आणून दिलं. समोरच्या घरी बुधू खाटेवर पडला होता, डोळे पिवळे झालेले. आम्हाला कमळाबाईंसोबत पाहून त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. शकुबाई दारातच उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हिच्या पोरीले भेटते, माह्या पोराले नाई भेटत. आमच्या पोराचं रगत का वेगळं आहे, बाई?"  कमळाबाई खाली पाहत होत्या.

परत त्यांच्या घरी आलो तेव्हा भाऊ म्हणाले, "बाई, तुमी दर महिन्याच्या मंगळवारी जसं करता, जिथी बसून करता, तसंच्या तसं करून दाखवा. मी मधात बोलनार नाई." खरी मागणी जाऊ नये म्हणून त्यांनी चाचणीचं खातं उघडून दिलं.

बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, उंबरठ्यावर बसल्या. फोनला नेटवर्क नव्हतंच. त्या गावात ते फक्त सडकेवरच्या पुलापाशी लागतं; आमचे फोनही त्यांना तिथे आल्यावरच लागले होते. त्यांनी बुधूचं नाव टाकलं. हिरवी खूण. मग दिव्याचं. हिरवी खूण.

"दर खेपेले बुधूचं आधी टाकता?"

"हाव जी."

"काऊन? पोरगी तर तुमची."

बाईंना प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे पाहिलं त्यांनी, जणू मी समजावून सांगेन. "माही आहे म्हनूनच तं. घरी मानसं जेवाले बसली तं आधी दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात वाढतो ना आपन? आपलं मंग."

 आम्ही चालत पुलापर्यंत गेलो. तिथे नेटवर्क आलं, फोन वाजला, नोंद गेली. भाऊंनी आपल्या फोनवर सर्व्हर उघडला. एकच नोंद होती. दिव्याची.

त्यांनी पुन्हा गावात नेऊन उलट क्रमानं करायला लावलं. दिव्या आधी, बुधू नंतर. पुलावर आलो. या खेपेला फक्त बुधू गेला. मग मलाही दिसलं. नेटवर्क नसलं की न गेलेली नोंद ठेवायला त्या ॲपमध्ये एकच जागा होती. दुसरी नोंद केली की ती पहिलीच्या जागेवर बसायची, पहिली पुसली जायची, आणि हिरवी खूण मात्र दोन्हीला यायची. चंद्रपूरच्या ऑफिसात बसून तपासलं तर नेटवर्क भरपूर, हे कधी दिसणारच नाही. ज्या गावात नेटवर्क नाही आणि पेशंट दोन आहेत, तिथेच दिसणार.

कमळाबाई कठड्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी हळू विचारलं, "म्हंजे मी दिव्याचं आधी टाकलं असतं तं बुधूले भेटलं असतं?"

"हाव," भाऊ म्हणाले. "मंग दिव्याले नसतं भेटलं."

 इतकी रडली ती बाई की सडकेवरून जाणारा सायकलवाला थांबला. मी त्याला हातानंच जा म्हटलं. भाऊंनी त्याच पुलावरून दवाखान्यात फोन केला, सोमवारी बुधूसाठी बॅग ठेवायचं पक्कं करून घेतलं, आणि मग तेही कठड्यावर बसले. मला वाटलं, बरं झालं, सापडलं एकदाचं. पण त्यांचा चेहरा काही सापडल्याचा नव्हता.

परतीच्या बसमध्ये आष्टी गेल्यावर ते बोलले. "माधवीबाई, मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पह्यल्या तपासनीत फोनचं नेट बंद करून पाह्यलं होतं मी. नोंद गेली नाई, तरी हिरवी खून आली. दोन नावं टाकून नाई पाह्यलं, पन खून खोटी आहे हे दिसलं होतं. प्रणितले फोनवर सांगितलं. तो म्हनला, हो भाऊ, करतो. त्याच्या टीममधला पोरगा काम सोडून गेला, राहून गेलं असन. अन् मी कागदावर का लिहिलं? समाधानकारक."

चार वर्षांत मी त्यांना शंभरदा बोलले असेन. त्या दिवशी बोलायचा माझा हक्क होता, आणि मी नुसती पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"लिहिलं असतं तं कोनी तरी वाचलं असतं," ते म्हणाले. मग खिडकीला डोकं टेकून पार गडचिरोलीपर्यंत तसेच बसले.

सोमवारी ते आले, रुमाल ओला केला नाही, सरळ फोन काढला. ग्रुपवर लिहू का, हे शनिवारीच त्यांनी कमळाबाईंना विचारून ठेवलं होतं. अकराच्या सुमाराला ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. चारशे बारा माणसं त्या ग्रुपवर, आशाताई, सिस्टर, डॉक्टर, दोन्हीकडचे साहेब. त्यांनी साध्या भाषेत ॲपची चूक लिहिली. नेटवर्क नसेल तर एकच नाव टाका, नेटवर्क असेल तिथे जाऊन पाठवा, मग दुसरं टाका, हे लिहिलं. पुढे लिहिलं, "एका गावच्या आशाताई दर वेळी शेजारच्या पेशंटचं नाव आधी आणि स्वतःच्या मुलीचं नाव नंतर टाकत होत्या. ॲप पहिलं नाव पुसत होतं. यात त्या ताईंचा काही दोष नाही. हिरवी खूण खोटी आहे हे मला सहा महिन्यांपूर्वी दिसलं होतं. मी फॉर्मवर लिहिलं नाही. ती माझी चूक आहे. मिथुन सहारे, गडचिरोली." आणि फॉर्मवर पहिल्यांदा त्यांनी 'असमाधानकारक' लिहिलं. दोनदा. एकदा ॲपसाठी, एकदा सातव्या मुद्द्यासाठी.

पाच मिनिटांत प्रणितचा फोन. स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू येत होतं, पोरगा जवळजवळ रडतच होता. "भाऊ, एवढ्या लोकांत? फोन करायचा होता ना मला!"

"केला होता, प्रणित," भाऊ म्हणाले.

मग साहेबांनी बोलावलं. मीही मागोमाग गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "मिथुन, तो मेसेज काढून टाका. दोन-अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. ॲप त्यांना दुरुस्त करायला लावू. त्या बाईचंही मी पाहतो, सरपंचाला एक फोन केला की मिटेल."

"फोनवरच झालं ना साहेब हे सगळं," भाऊ म्हणाले.

"तुमची ऑर्डर एकतीस तारखेला संपते. माहीत आहे ना?"

"हाव. तेरा वर्षं झाले, मालूम आहे."

फार शूर होऊन म्हणाले असं समजू नका.  घरी म्हातारी आई, बायको अंजनाबाई, दोन पोरी शाळेत. फोन त्यांनी टेबलावर पालथा घातला आणि दुपारभर त्याला हात लावला नाही. तो सारखा वाजत होता. माझं डोकं फिरलं, शेवटी मीच आवाज बंद केला.

मंगळवारी दुपारी त्यांनी तो उचलला. मेसेजवर बोट दाबून धरलं. डिलीट करायची खूण वर आली. मी माझ्या टेबलावरून पाहत होते.

"थकलो, माधवीबाई," ते म्हणाले. तेरा वर्षांत कोणी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नसेल. "हे दाबलं तं घरी जाऊन झोपता येईन. तुमी स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे, मले मालूम आहे. तो बाईले पाठवून द्या. काम होऊन जाईन तिचं."

स्क्रीनशॉट मी खरंच काढला होता. पण मला इतका संताप आला, आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही एकदमच तोंडातून आलं. "दाबा ना! दाबा! मी कोणाले सांगत नाई. उद्या ती बाई सभेत ग्रुप उघडन तं तिथी सहावा पुसलेला मेसेज दिसन. पाच तिचे, एक तुमचा. मंग लोकाईले का दाखवन ती? माह्या फोनमधला फोटो? लिहिणाऱ्यानंच पुसलं म्हटल्यावर कोण इश्वास ठेवते त्या फोटोवर?"

ऑफिसातली बाकीची टेबलं माना वर करून पाहू लागली. भाऊंनी फोन खाली ठेवला, पुन्हा पालथा. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा सांगता का?" मी सांगितला. साखर जास्त टाकायलाही सांगितली.

बुधवारच्या सभेचं कमळाबाईंनी मला रात्री नाही, दुसऱ्या दिवशी पुलावर येऊन फोनवर सांगितलं. सभा शाळेच्या पटांगणात भरली. शकुबाई सगळ्यांपुढे बसली होती. अर्ज वाचून झाला, सरपंच म्हणाले, बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे का? कमळाबाईंना बोलता येईना. त्यांनी ग्रुप उघडून फोन बुधूच्या हातात दिला. सोमवारी त्याला रक्त चढलं होतं, तो बसण्याइतका झाला होता. बुधू दहावीपर्यंत शिकलेला. त्यानं एकेक शब्द मोठ्यानं वाचला. 'शेजारच्या पेशंटचं नाव आधी' इथपर्यंत आला आणि थांबला.

शकुबाई म्हणाली, "आधी?"

 तिनं कमळाबाईंकडे पाहून पुन्हा विचारलं, "माह्या पोराचं आधी टाकत होती तू?"

"हाव," कमळाबाई म्हणाल्या.

शकुबाई उठली, सरपंचाच्या हातातला अर्ज घेतला आणि आपल्या लुगड्याच्या ओच्यात खोचून टाकला. सभा तिथेच संपली. अर्जाचं पुढे काय झालं ते तिला कोणी विचारलं नाही म्हणे.

ग्रुपवर त्या आठवड्यात अजून चार आशाताईंनी लिहिलं, आमच्याकडेही असंच होत होतं, आम्हाला वाटलं आमचाच हात चुकतो. प्रणितनं सहा दिवसांत ॲप दुरुस्त केलं. आता तो 'नोंद घेतली आहे' लिहीत नाही, काय केलं ते लिहितो. पोरगा वाईट नव्हताच.

एकतीस तारखेला मिथुनभाऊंची ऑर्डर संपली. एक दिवसाचा खंड झाला, दोन दिवसांचा झाला. साहेब म्हणाले, यंदा वरूनच जागा कमी झाल्या. खरंही असेल. दोघा-तिघांच्या गेल्याही. पण मला ते पटलं नाही आणि मी तसं साहेबांना तोंडावर सांगितलं. माझी ऑर्डर फेब्रुवारीत संपते, तेव्हा पाहू. भाऊंना ग्रुपमधूनही काढलं, कारण आता ते कर्मचारी नव्हते. वडशाला त्यांच्या मामांची तांदळाची गिरणी आहे, तिथे सध्या बसतात. टेबलावर त्यांचा रुमाल राहून गेला होता, तो मी धुऊन खणात ठेवला आहे.

परवा महिन्याचा पहिला मंगळवार होता. दुपारी ग्रुपवर कमळाबाईंचा मेसेज आला. मी लगेच वडशाला फोन लावला.

"भाऊ, कमळाबाईनं लिहिलं आहे. वाचू का?"

मागे गिरणीचा आवाज होता. ते बाहेर येईपर्यंत मी थांबले. मग वाचलं, "जयभीम सर्वांना. बुधूचं नाव टाकलं. मग दिव्याचं टाकलं. पुलावरून दोन्ही गेले."

त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, "पुसला तं नाई ना?"

मी पुन्हा ग्रुप उघडून पाहिलं. "नाही. आहे."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले. "ठेवतो. आज बस नाई धराची, जरा पडतो."